सलाईनने सुधारते आणि पुन्हा ढासळते: कुत्र्याच्या ॲडिसन आजारात बिघाड कुठे शोधावा

कुत्रे एक-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, उलटी करते, मागच्या पायांत त्राण नसल्यासारखे चालते आणि अंगाला बारीक कंप सुटलेला असतो. पशुवैद्याकडे नेल्यावर सलाईन लावले जाते, सोबत दोन-तीन इंजेक्शने दिली जातात आणि संध्याकाळपर्यंत तेच कुत्रे शेपटी हलवत दाराशी येऊन उभे राहते. पोट बिघडले होते, असे निदान होते. काही आठवडे बरे जातात आणि मग तोच प्रकार, जवळजवळ त्याच क्रमाने, पुन्हा सुरू होतो. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरी एका देशी मादी कुत्रीच्या बाबतीत हे चक्र कित्येक महिने चालले आणि अखेर निदान झाले ते ॲडिसन या आजाराचे. परदेशातील नोंदींनुसार हजार कुत्र्यांमागे जेमतेम एक-दोघांना होणारा हा आजार आहे. त्यामुळे तो पहिल्या फेरीत कोणाच्या मनात न येणे स्वाभाविक आहे. मात्र तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीत तो मनात यायलाच हवा, आणि तो यावा यासाठी घरच्या माणसांनी काय पाहावे, काय लिहून ठेवावे आणि काय विचारावे, ते येथे मांडत आहे. निदान झाल्यावरही तब्येत अधूनमधून ढासळत असेल तर कारण कोणत्या क्रमाने शोधायचे, हा या लेखाचा मोठा भाग आहे.

सलाईन का लागू पडते

दोन्ही मूत्रपिंडांच्या जवळ ॲड्रिनल नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्या बाहेरच्या थरात दोन महत्त्वाची संप्रेरके तयार होतात. अल्डोस्टेरॉन शरीरात सोडियम राखून ठेवते आणि जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढते. कॉर्टिसॉल रक्तदाब, रक्तातील साखर आणि आतड्यांचे अस्तर सांभाळते आणि ताणाच्या प्रसंगी शरीराला तोलून धरते. बहुतेक ॲडिसनग्रस्त कुत्र्यांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा हा थर नष्ट करत जाते, आणि थराचा सुमारे ८५ ते ९० टक्के भाग निकामी होईपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. माणसांमधील याच आजाराचे वर्णन लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. कुत्र्यांमध्ये तो बहुधा तरुण किंवा मध्यम वयात आणि नरांपेक्षा माद्यांमध्ये अधिक दिसतो. स्टँडर्ड पूडल, बिअर्डेड कॉली, पोर्तुगीज वॉटर डॉग या जातींत त्याचे प्रमाण जास्त असले, तरी देशी आणि संकरित कुत्री त्यातून सुटलेली नाहीत.

अल्डोस्टेरॉन नसले की सोडियम लघवीतून वाहून जाते, त्याच्यामागे पाणी जाते, रक्ताचे आकारमान घटते आणि पोटॅशियम साचत राहते. अशा वेळी दिलेले सलाईन म्हणजे नेमके सोडियम आणि पाणी. त्यासोबत उलटी थांबावी किंवा अंगात शक्ती यावी म्हणून स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले असेल, तर कॉर्टिसॉलची उणीवही काही दिवसांपुरती भरून निघते. म्हणजे आजाराचे नाव कोणालाही ठाऊक नसताना त्याचा योग्य उपचार होऊन जातो आणि श्रेय मात्र अँटिबायोटिकला मिळते. गळक्या टाकीत टँकरचे पाणी ओतल्यावर नळाला पाणी येते, पण गळती तशीच राहते, असा हा प्रकार आहे. म्हणूनच सलाईनने इतक्या झटपट सुधारणा होणे हाच या आजाराचा एक ठळक पुरावा आहे, आणि तो पशुवैद्यांना आपण होऊन सांगितला पाहिजे. कारण संध्याकाळी घरी उड्या मारणारे कुत्रे त्यांना दिसत नाही, ते आपल्याला दिसते.

निदानापूर्वी कोणत्या आजारांशी गफलत होते

ठाणे आणि नवी मुंबईच्या दमट हवेत गोचीड ताप इतका सर्रास आढळतो की मरगळलेल्या कुत्र्याची पहिली तपासणी त्याचीच होते, आणि ते योग्यही आहे. एर्लिकिया किंवा बॅबेसिया हे गोचिडीतून येणारे जंतू सापडले तर त्याचा उपचार झालाच पाहिजे. परंतु गोचीड तापाची चाचणी पुन्हा पुन्हा नकारात्मक येत असेल, प्लेटलेट ठीक असतील आणि तरीही ‘गोचीड तापच असावा’ म्हणून गोळ्यांचा कोर्स सुरू होत असेल, तर तेथे थांबून विचारणे आवश्यक आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरणाऱ्या कुत्र्याला उलट्या झाल्या आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा घटक) वाढले, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) विचारही करावा लागतो.

सर्वांत क्लेशदायक गफलत मूत्रपिंडाच्या बाबतीत होते. रक्ताचे आकारमान घटल्यामुळे मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही, युरिया आणि क्रिएटिनिन वाढतात, आणि सोडियम वाहून गेल्यामुळे लघवीही पातळ होते. कागदावर हे चित्र किडनी निकामी झाल्यासारखेच दिसते. चार-पाच वर्षांच्या कुत्र्याची किडनी गेली आहे, आता फार दिवस नाहीत, असे ऐकून घरातली माणसे कोलमडतात आणि काही जण त्याला कायमचे झोपवण्याचा निर्णयही घेतात. ॲडिसनमध्ये हेच आकडे सलाईननंतर एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरतात. खऱ्या जुनाट किडनी आजारात ते इतक्या लवकर जागेवर येत नाहीत. तरुण कुत्र्याच्या किडनीविषयी असा निर्णय कानावर पडला, तर सोडियम आणि पोटॅशियम पाहिल्याशिवाय तो अंतिम मानू नये, एवढे मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन.

सोडियमला पोटॅशियमने भागून येणारे प्रमाण निरोगी कुत्र्यात साधारण २७ ते ४० असते. ते २७ च्या खाली आले तर ॲडिसनचा विचार करावा, २० च्या खाली गेले तर संशय फार बळावतो. मोठ्या आतड्यातील व्हिपवर्म नावाच्या कृमींमुळेही असेच आकडे येऊ शकतात, म्हणून शौचाची तपासणी आणि जंताचे औषध हा स्वस्त आणि सोपा टप्पा टाळू नये. दुसरीकडे, काही कुत्र्यांत फक्त कॉर्टिसॉल कमी पडते आणि सोडियम-पोटॅशियम अगदी व्यवस्थित असतात. त्यामुळे हे आकडे चांगले आले म्हणून विषय संपत नाही. यासाठी नेहमीच्या रक्त तपासणीतील एक ओळ उपयोगी पडते. खूप आजारी कुत्र्याच्या रक्तात ताणामुळे लिंफोसाइट या पेशी कमी व्हायला हव्यात. कुत्रे निपचित पडले आहे आणि लिंफोसाइट मात्र नेहमीइतक्या किंवा जास्त आहेत, असे दिसले तर कॉर्टिसॉल आहे तरी का, हा प्रश्न विचारण्यास जागा आहे. गोचीड तापासाठी काढलेल्या जुन्या अहवालांत ही ओळ बहुधा आधीपासूनच छापलेली असते. ते सर्व अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून न्यावेत.

अंतिम निदान एसीटीएच चाचणीने होते. आधी रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजतात, मग ग्रंथीला चेतवणारे इंजेक्शन देतात आणि एका तासाने पुन्हा मोजतात. इंजेक्शननंतरही पातळी डेसिलिटरमागे २ मायक्रोग्रॅमच्या खालीच राहिली तर निदान पक्के होते. ही चाचणी सर्व दवाखान्यांत होत नाही. ती लगेच शक्य नसेल तर नुसते एकदा मोजलेले कॉर्टिसॉलही कामाचे असते, कारण ते २ च्या वर असले तर ॲडिसन जवळजवळ नाकारता येतो; खाली असले तर मात्र पूर्ण चाचणी करावीच लागते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन ही स्टिरॉइडे दिल्यानंतर घेतलेल्या रक्तात ती औषधेच कॉर्टिसॉल म्हणून मोजली जातात आणि अहवाल फसवा येतो, तर डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा तसा अडथळा होत नाही. म्हणून कुत्रे पुन्हा ढासळेल तेव्हा ‘डॉक्टर, इंजेक्शन देण्याआधी रक्त घेऊन ठेवता येईल का?’ हे आदबीने विचारून ठेवावे. बुरशीसाठी पोटातून दिले जाणारे केटोकोनाझोल कॉर्टिसॉलची निर्मिती दाबते, आणि पावसाळी खाजेसाठी दीर्घकाळ दिलेले स्टिरॉइड अचानक बंद केल्यावर ॲडिसनसारखीच लक्षणे दिसू शकतात. तेव्हा त्वचेच्या औषधांची चिठ्ठीही फाइलमध्ये असावी.

निदानानंतरही तब्येत ढासळत असेल तर

योग्य औषध चालू राहिले तर अशा कुत्र्याचे आयुष्य बहुधा इतर कुत्र्यांइतकेच असते. अमेरिका आणि युरोपात यासाठी साधारण महिन्यातून एकदा द्यायचे डीओसीपी हे इंजेक्शन वापरले जाते. आमच्या कुत्रीचा उपचार फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या रोजच्या गोळीवर आणि सोबत प्रेडनिसोलोनच्या अगदी लहान मात्रेवर चालतो. पहिले औषध अल्डोस्टेरॉनची जागा घेते, दुसरे कॉर्टिसॉलची. पुढचा सारा शोध या विभागणीवर उभा आहे, म्हणून घरातल्या प्रत्येकाला ती पाठ असलेली बरी.

सुरुवात गोळीपासूनच करावी. ती खरोखर पोटात गेली का, हे आधी पाहावे. कुत्री गोळी गालात धरून नंतर सोफ्यामागे टाकतात आणि आपण निश्चिंत असतो. फ्लुड्रोकॉर्टिसोन हे माणसांचे औषध आहे आणि त्याची गोळी १०० मायक्रोग्रॅमची असते. माणसाला दिवसाला बहुधा अर्धी ते दोन गोळ्या पुरतात, तर कुत्र्यासाठी सुरुवातीची मात्राच वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे १८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साडेतीन गोळ्या इतकी असते. त्यामुळे मेडिकलवाले चिठ्ठी पाहून थबकतात आणि कोणी जाणकार नातेवाईक ‘इतके स्टिरॉइड कशाला’ म्हणून मात्रा कमी करायला सुचवतात. चिठ्ठीवर कुत्र्याचे वजन आणि आजाराचे नाव लिहून घेतले की हा गोंधळ टळतो. हे औषध प्रत्येक दुकानात नसते. पट्टी संपायच्या दोन आठवडे आधीच पुढची आणून ठेवावी. काही कंपन्यांच्या गोळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात, तेव्हा पाकिटावरची सूचना वाचावी आणि कंपनी बदलली तर पुन्हा वाचावी. ठाण्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघरातील फडताळ ही औषधाची जागा नव्हे.

गोळी नियमित जात असूनही कुत्रे मलूल असेल, तर सोडियम-पोटॅशियम तपासावे. पोटॅशियम वर आणि सोडियम खाली असेल तर फ्लुड्रोकॉर्टिसोन कमी पडते आहे. निदानानंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात अनेक कुत्र्यांना ही मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते, त्यामुळे ती वाढली म्हणजे आजार बळावला असे समजून धास्ती घेऊ नये. आकडे व्यवस्थित असतील आणि तरीही भूक मंद, शौच पातळ आणि अंगात कंप असेल, तर बहुधा प्रेडनिसोलोन कमी पडत असते. याउलट कुत्रे सारखे पाणी पिते, रात्री घरातच लघवी होते, अन्नावर तुटून पडते आणि पोट सुटून मांड्या बारीक होत आहेत, असे दिसले तर प्रेडनिसोलोन जास्त होत आहे आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने ते हळूहळू उतरवावे लागते. धापा टाकणे हेही जास्तीच्या मात्रेचे लक्षण सांगितले जाते, पण आपल्या हवेत एप्रिलपासून सगळीच कुत्री धापा टाकतात, म्हणून एकट्या त्या लक्षणावर काही ठरवू नये. कोणतीही मात्रा वाढवायची किंवा कमी करायची ती पशुवैद्यांनीच, आणि औषध एकदम बंद तर कधीच करायचे नाही.

अहवालातील पोटॅशियम अशक्य वाटावे इतके जास्त आले, कॅल्शियम फारच कमी आले आणि कुत्रे मात्र मजेत खेळत असेल, तर रक्त आधी जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन मग दुसऱ्या नळीत ओतले गेले का, हे विचारावे. त्या नळीतील रसायनात पोटॅशियम असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. असा अहवाल पाहून मात्रा बदलण्यापेक्षा नमुना पुन्हा घ्यावा.

काही औषधेही गणित बिघडवतात. हृदयासाठी दिली जाणारी एसीई इनहिबिटर गटातील औषधे आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवू शकतात, फिट्ससाठीच्या फेनोबार्बिटोनमुळे प्रेडनिसोलोन शरीरातून लवकर निघून जाते, आणि प्रेडनिसोलोनसोबत वेदनाशामक गोळी दिली तर जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. नव्या दवाखान्यात गेल्यावर चालू औषधांची यादी सर्वांत आधी पुढे करावी.

आवाज, पाहुणे, प्रवास

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा कारण सापडते ते येथे. निरोगी कुत्रे घाबरले किंवा दमले की त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी कित्येक पट कॉर्टिसॉल सोडतात. ॲडिसनच्या कुत्र्याकडे सकाळच्या गोळीत दिलेले तेवढेच असते. दहीहंडीच्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत वाजणारे ध्वनिवर्धक, दीड, पाच, सात आणि दहा दिवसांच्या विसर्जनांचे ढोल-ताशे, दिवाळीची आतषबाजी, शेजारच्या इमारतीचे पुनर्विकासाचे खोदकाम, वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या कामाचे हादरे: आपल्या शहरात हे सारे एकामागून एक येत राहते, आणि कुत्रे कोसळते ते बहुधा त्याच दिवशी न कोसळता एक-दोन दिवसांनी. त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड लागत नाही आणि दोष कालच्या जेवणाला जातो. एका वहीत तारीख, खाणे, शौच, पाण्याचे प्रमाण यांच्यासोबत ‘आज काय घडले’ हा एक रकाना ठेवला, तर काही महिन्यांत ही सांगड स्पष्ट दिसू लागते. घरी पाहुणे राहायला आले, घरातले कोणी मूल शिक्षणासाठी परगावी गेले, लिफ्ट बंद पडल्याने कुत्र्याला बारा मजले उतरावे लागले, असे प्रसंगही त्या रकान्यात यावेत. आनंदाची धावपळसुद्धा शरीराच्या हिशेबात ताणच असते.

यावरचा उपाय ठरलेला आहे. ताणाचा दिवस आधी माहीत असेल तर पशुवैद्य त्या दिवसापुरते प्रेडनिसोलोन नेहमीच्या दुप्पट ते चौपट करायला सांगतात; ती मात्रा प्रसंगाच्या आधी द्यायची असते, आवाज सुरू झाल्यावर नव्हे, आणि प्रसंग सरला की नेहमीच्या मात्रेवर परत यायचे असते. फ्लुड्रोकॉर्टिसोन मात्र अशा दिवशी वाढवायचे नसते, कारण ताणाने अल्डोस्टेरॉनची, म्हणजे मीठ राखणाऱ्या संप्रेरकाची, गरज तशी वाढत नाही. केस कापणे, लसीकरण, दंतस्वच्छता आणि विशेषतः भूल देऊन करायची कोणतीही शस्त्रक्रिया यांच्या आधी हे बोलणे झालेच पाहिजे. आम्ही दरवर्षी श्रावण लागण्यापूर्वी पशुवैद्यांकडून अशा दिवसांची लेखी मात्रा घेऊन ठेवतो आणि सणांच्या तारखांवर खूण करतो. सोसायटीच्या समितीला पत्र देऊन मिरवणुकीची वेळ आधी कळवण्याची विनंती केली, तेव्हा कोणीही वाकडे बोलले नाही. कारण नीट सांगितले तर लोक ऐकतात असा माझा अनुभव आहे.

नारळपाणी आणि घरचे इतर उपाय

उलट्या-जुलाबांनी थकलेल्या जिवाला नारळपाणी द्यावे, हा आपल्या घरांतील जुना आणि प्रेमाचा सल्ला आहे, आणि शेजारच्या काकू शहाळे घेऊन येतात तेव्हा त्यांना नाही म्हणणे जड जाते. परंतु नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने कमी असते; ज्या कुत्र्याचे पोटॅशियम आधीच चढलेले असू शकते त्याला ते देणे धोक्याचे आहे. केळे आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारे मीठ यांच्याबद्दलही तेच, कारण त्या मिठात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ढासळलेल्या दिवशी साधे पाणी पुढे ठेवावे आणि उरलेला निर्णय दवाखान्यात होऊ द्यावा.

तातडीची वेळ

गोळी दिल्यावर उलटी झाली आणि पुन्हा दिलेली गोळीही टिकली नाही, तर उद्यापर्यंत थांबू नये. त्या दिवसाचे स्टिरॉइड इंजेक्शनने द्यावे लागते. कुत्रे उठत नाही, हिरड्या फिकट आणि पंजे थंड आहेत, अशा वेळी मांडीच्या आतल्या बाजूला बोटे ठेवून नाडी मोजावी. रक्तदाब घसरलेल्या कुत्र्याची नाडी एरवी जलद चालते; ती उलट मंद लागत असेल तर साचलेले पोटॅशियम हृदयाची गती रोखत आहे असे समजावे आणि ताबडतोब निघावे. नाडीचा आकडा फोनवरच सांगितला तर दवाखान्यात सलाईन, डेक्सामेथासोन आणि हृदयाच्या रक्षणासाठी लागणारे कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवता येते.

रात्री कोणता दवाखाना उघडा असतो आणि तेथे सोडियम-पोटॅशियम लगेच मोजण्याचे यंत्र आहे का, या दोन गोष्टी शांत दिवशी फोन करून विचारून ठेवाव्यात. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण कासारवडवलीहून मध्यरात्री, अवजड वाहने घोडबंदर रस्त्यावर सोडलेली असताना, परळ गाठणे हा पहिला पर्याय असू शकत नाही. जवळच्या ठिकाणी सलाईन आणि इंजेक्शन होऊन कुत्रे स्थिरावल्यावर पुढे नेणे अधिक सुरक्षित असते. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यांनी आपली फाइल आधी एकदा पाहिलेली असावी.

गावी जाताना कुत्रे कोणाकडे ठेवायचे असेल तर एका कागदावर आजाराचे नाव, वजन, दोन्ही गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा, ताणाच्या दिवसाची मात्रा, पशुवैद्यांचा क्रमांक आणि ‘स्टिरॉइड बंद करू नये’ ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. त्याची एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक गाडीत आणि एक मोबाइलमध्ये छायाचित्र म्हणून ठेवावी, कारण कागदाची गरज पडते तेव्हा घरात नेमके कोण असेल हे आधी सांगता येत नाही. नव्या ठिकाणी राहणे हाही ताणच, म्हणून पहिल्या दिवसाची वाढीव मात्रा ठेवून घेणाऱ्यांच्या हाती सोडण्याऐवजी निघण्यापूर्वी आपणच द्यावी आणि तशी नोंद त्याच कागदावर करावी, म्हणजे ती दोनदा दिली जाणार नाही.